फेब्रुवारीतल्या चोवीस खुर्च्या

तीन वर्षांपूर्वी मला एक पत्र आलं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. वाक्य लिहायला सोपं आहे, पण ते तीन वर्षं मनात बाळगणं फार जड गेलं.

पाकिटावर नाव नव्हतं. 'या घरात आता जो कोणी राहत असेल त्यास' एवढंच लिहून खाली आमचा पत्ता घातला होता. मिसिसिपीतल्या याझू सिटीहून लुवेनिया टब्स नावाच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईंनी ते पाठवलं होतं. त्यांचा थोरला भाऊ अझेल १९४९ साली कामासाठी शिकागोला आला आणि आमच्या या घरात, तिसऱ्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत भाड्याने राहिला. दर महिन्याला त्याचं पत्र यायचं. १९५१च्या हिवाळ्यात दहा वर्षांच्या लुवेनियाने त्याला लिहून एक निळा कोट मागितला. त्यानंतर त्याचं पत्र कधीच आलं नाही. 'मी हावरटपणा केला म्हणून तो रागावला का, एवढंच मला जाणून घ्यायचं आहे,' असं बाईंनी लिहिलं होतं. 'तो आता नसणार हे मला समजतं. फोन करू नका, मला ऐकू येत नाही.' सोबत भावाचा एक फोटो होता. तो परत पाठवावा अशी विनंती होती, कारण दुसरा नव्हता.

आता मी अडतीस वर्षं सार्वजनिक ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात काढलेला माणूस. लोकांच्या प्रश्नांची उत्तरं शोधून देणं एवढंच मला येतं, आणि तेही लोक समोर नसले तर जास्त चांगलं. मी पहिल्याच आठवड्यात कामाला लागलो. शहरातल्या जुन्या पत्त्यांची अकरा पुस्तकं पाहिली, कत्तलखान्यांमधल्या कामगारांच्या याद्या पाहिल्या, दोन चर्चच्या नोंदवह्या पाहिल्या. काही सापडलं नाही. 'काही सापडलं नाही' असं कळवायची मला लाज वाटली, म्हणून आणखी शोधून मग लिहू असं ठरवलं. सहा महिन्यांनी पत्राची सुरुवात दिलगिरीने करावी लागणार होती. वर्षाने त्या दिलगिरीला एक परिच्छेद लागला. तिसऱ्या वर्षी नुसती दिलगिरीच दीड पान झाली आणि तिला तळटिपा आल्या. असे सतरा मसुदे माझ्या टेबलाच्या खणात होते.

माझी बायको व्हर्नेल एरवी मला ल्यूशस म्हणते आणि वैतागली की मिस्टर पेटिवे म्हणते. त्या खणाच्या बाबतीत मी तीन वर्षं मिस्टर पेटिवेच होतो.

तर अशा मनःस्थितीत फेब्रुवारी आला.

फेब्रुवारी म्हणजे आमच्या लोकांच्या, कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या, इतिहासाचा महिना. वर्षातला सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत गारठ्याचा महिना आम्हाला मिळाला याबद्दल दर वर्षी कुणीतरी एक विनोद करतो आणि दर वर्षी आम्ही हसतो. आमच्या गल्लीचा ब्लॉक क्लब, म्हणजे शेजाऱ्यांचं मंडळ, या महिन्यात मुलाबाळांसकट सगळ्यांना बसने संग्रहालयात नेतो. क्लबच्या अध्यक्ष मिस झेनोबिया गेदर. त्या निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, पण हे अजून त्यांच्या आवाजाला कुणी कळवलेलं नाही. गल्लीच्या तोंडाशी त्यांनी लावलेली पाटी आहे: चेंडू खेळू नये, गाडी धुऊ नये, मोठ्याने गाणी लावू नयेत, घोळका करून उभं राहू नये. शेवटच्या ओळीत 'आपले स्वागत आहे' असं आहे.

या वर्षी सलग चार दिवस बर्फ पडला आणि बसवाल्याने अंग काढून घेतलं. मिस झेनोबियांनी बैठक बोलावली. एकाने सिनेमा दाखवू म्हटलं, एकीने स्वयंपाकाची स्पर्धा सुचवली, दोघांनी मागच्या बैठकीतलं भांडण पुढे चालवलं. मी व्हर्नेलच्या कानात म्हणालो की खरं म्हणजे आपल्याच गल्लीत इतका इतिहास आहे, एकेका घरात कोण राहून गेलं तेवढं मुलांना सांगितलं तरी पुरे. मी इतका हळू बोलतो की लोक एकदम गप्प होऊन ऐकतात. हा माझा जन्माचा तोटा आहे. दोन मिनिटांनी मी कार्यक्रमाचा प्रमुख झालो होतो.

बेत साधा होता. गल्लीत चोवीस घरं. प्रत्येक घराने एक खुर्ची द्यायची. मी प्रत्येक घराचं एक कार्ड लिहायचं, शक्य तर फोटो लावायचा, आणि शनिवारी अकरा वाजता मुलांनी खुर्चीमागून खुर्चीवर बसत ती कार्डं मोठ्याने वाचत गल्ली पार करायची. शेवटी चर्चच्या तळघरात जेवण. मिस झेनोबियांनी दोनच अटी घातल्या. कुणी रडता कामा नये आणि कुणाला कंटाळा येता कामा नये. आमच्या इतिहासातून या दोन गोष्टी वगळल्या तर काय उरतं, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. तिथेच राहिलं.

मी घरोघर माहिती गोळा करायला निघालो. म्हणजे व्हर्नेल दार वाजवायची आणि मी तिच्या मागे वही धरून उभा राहायचो. चोवीसपैकी एकोणीस घरांत एक प्रसिद्ध ट्रंपेटवादक रात्रभर झोपून गेला होता असं कळलं. त्यांतल्या सात घरांत तो एकाच रात्री झोपला होता. एवढा झोपाळू माणूस वाजवायचा कधी, असा मला प्रश्न पडला, पण घरोघरच्या आज्यांची साक्ष निघाली होती. मी सगळ्या कार्डांतून त्याला प्रेमाने उठवलं आणि त्याच्या जागी रेल्वेतले पोर्टर, केशभूषेचं दुकान काढणाऱ्या बहिणी, रात्रशाळेत शिकून नर्स झालेली बाई अशी खरी माणसं बसवली. गल्लीतली सात माणसं माझ्याशी बोलेनाशी झाली.

माझ्या घराच्या कार्डावर काय लिहायचं? या घरात मी पंचेचाळीस वर्षं राहिलो, पण मी काही इतिहास नव्हे. शेवटी मी लिहिलं: 'अझेल टब्स. १९४९मध्ये याझू सिटीहून आले. या घराच्या तिसऱ्या मजल्यावर राहत. पुढे काय झालं ते माहीत नाही.' व्हर्नेलने वाचलं आणि म्हणाली, "हे त्या बाईंना पाठवलं असतंस तरी चाललं असतं." मी कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन अझेलच्या फोटोची प्रत काढून आणली. मूळ फोटो खणात आणि प्रत खुर्चीवर, असं मी स्वतःला दोनदा बजावलं.

इथवर सगळं ठीक होतं. बिघडलं ते वर्गीकरणामुळे.

खुर्च्या घरांच्या क्रमाने मांडल्या तर मुलं १९५८मधून १९२२मध्ये जातील आणि तिथून १९४०मध्ये, हे माझ्या मनाला पटेना. मी त्या सालांनुसार लावायच्या ठरवल्या. त्यामुळे मिस झेनोबियांची खुर्ची डीकन स्टबलफील्डच्या घरासमोर गेली आणि डीकनची मिस झेनोबियांच्या घरासमोर. डीकन म्हणजे आमच्या चर्चचे सेवक, पूर्वी बस चालवायचे, आणि न विचारता सल्ला देणं हे ते धर्मकार्य समजतात. शुक्रवारी दुपारी सगळे कामावर असताना आम्ही दोघं खुर्च्या मांडायला निघालो. फुटपाथवर दोन्ही बाजूंनी बर्फाचे ढीग, मध्ये जेमतेम एक बाबागाडी जाईल एवढी वाट.

"ब्रदर पेटिवे," डीकन म्हणाले, "फुटपाथ अडवायचा नाही. खाली रस्त्याच्या कडेला बघा, लोकांनी किती छान चौकोन साफ करून ठेवलेत. एकेका चौकोनात एकेक खुर्ची. मोजून मापून केल्यासारखं दिसेल."

मला ते फार सुबक वाटलं.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी आमच्या शहरात चार वर्षांच्या पोराला सांगावी लागत नाही. बर्फ पडल्यावर तुम्ही दोन तास फावडं मारून रस्त्यावर आपल्या गाडीपुरती जागा मोकळी केलीत, की जाताना तिथे एक खुर्ची ठेवायची. मग ती जागा तुमची. हे कायद्यात नाही. कायदा उलट आहे. पण ती खुर्ची हलवून तिथे स्वतःची गाडी लावणारा माणूस मी पाहिलेला नाही, आणि ज्यांनी पाहिला आहे ते त्याच्या गाडीचं पुढे काय झालं हे आवाज खाली आणून सांगतात. मी गाडी चालवत नाही. डीकनची गाडी मागच्या गॅरेजमध्ये असते. आणि या वेळी जागा राखायची खुर्ची लोकांनी कार्यक्रमालाच देऊन टाकली होती, म्हणून चौकोन रिकामे होते. दोघांच्याही हे डोक्यात आलं नाही. जन्मभर रोज पाहिलेली गोष्ट माणसाला बरोबर नको त्या दिवशी दिसत नाही.

संध्याकाळी सहाला लोक कामावरून परतू लागले. प्रत्येकाला आपण स्वतःच्या पाठीने साफ केलेल्या जागेत शेजाऱ्याची खुर्ची दिसली. खुर्चीवर कार्ड होतं, पण अंधारात कार्ड कोण वाचतो? आणि दुसऱ्याची खुर्ची हलवायची नाही हा तर नियम. वीस-बावीस गाड्या गल्लीला प्रदक्षिणा घालू लागल्या. मग त्या शेजारच्या गल्लीत शिरल्या आणि तिथल्या लोकांच्या जागा गेल्या. मिस झेनोबिया, ज्यांना डीकनची खुर्ची भेटली, त्या तीन रस्ते पलीकडे गाडी लावून बर्फातून चालत आल्या आणि त्यांनी डीकनना फोन करून सांगितलं की तुमच्या धर्माबद्दल मला पहिल्यापासून शंका होती. रात्री मी पडद्याआडून हे सगळं पाहत होतो. व्हर्नेल म्हणाली, बाहेर जाऊन सांग. मी म्हणालो, उद्या सकाळी सगळ्यांना नीट समजावून सांगणारी एक चिठ्ठी लिहितो. ती म्हणाली, "अठरावा मसुदा का, मिस्टर पेटिवे?"

चिठ्ठीची वेळ आली नाही. शेजारच्या गल्लीतल्या कुणीतरी नगरसेवकाच्या कचेरीत तक्रार केली होती की एका गल्लीने अख्खा रस्ता बळकावला आहे. सकाळी सातला सफाईचा मोठा ट्रक आला आणि चोवीसच्या चोवीस खुर्च्या, कार्डांसकट, उचलून घेऊन गेला. मी कोट चढवेपर्यंत तो कोपऱ्यावर वळला होता.

आणि मग मी खण उघडला. का उघडला माहीत नाही. आत लुवेनियाबाईंचं पत्र होतं, सतरा मसुदे होते आणि त्यांच्यावर अझेलचा फोटो होता. कागद फार गुळगुळीत लागला. उलटून पाहिलं तर मागे कोपऱ्यावरच्या दुकानाचा शिक्का होता.

अडतीस वर्षांत मी एकही पुस्तक चुकीच्या कपाटात ठेवलं नव्हतं.

व्हर्नेलने फोटो उलटून पाहिला आणि लगेच बूट चढवले. त्यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते मला कळलं. तिने डीकनना गाडी काढायला लावली आणि आम्ही सफाईच्या आवाराकडे निघालो. ती बाई तिकडे याझू सिटीत एक्क्याऐंशी वर्षांची झालेली, असलीच तर, आणि तिच्या भावाचा एकुलता एक चेहरा मी कचऱ्याच्या ट्रकात घातला होता. वाटेत डीकन सल्ला देत होते की खुर्ची आपली आहे असं चुकूनही कबूल करायचं नाही, दंड होतो.

खिडकीमागच्या कारकून बाईंनीही तेच सांगितलं, फक्त दुसऱ्या टोकाने. रस्त्यावरची खुर्ची परत मिळत नाही. परत मागायची तर ती आपली आहे असं लिहून द्यावं लागतं, आणि लिहून दिलं की रस्ता अडवल्याचा गुन्हा कबूल होतो. म्हणून आजवर कुणी मागायला आलेलंच नाही, म्हणून त्याचा फॉर्मही नाही. एवढं सांगून त्यांनी विचारलं, "तुमची आहे का खुर्ची?"

डीकन छताकडे पाहू लागले. ग्रंथालयातल्या अडतीस वर्षांच्या सभांमध्ये मी एकदाही हात वर केला नव्हता. तो आता आपोआप वर गेला.

"चोवीसच्या चोवीस माझ्या आहेत," मी म्हणालो.

बाईंनी चष्मा काढला. "गाड्या किती आहेत तुमच्याकडे?"

"एकही नाही."

गाडी नसताना चोवीस जागा अडवणारा माणूस त्यांच्या नोकरीत पहिलाच असावा. मी त्यांना सांगू लागलो. आधी कार्यक्रम, मग साल, मग फोटो, मग पत्र. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की त्या पत्राबद्दल मी व्हर्नेलशिवाय कुणाजवळ तोंड उघडण्याची ही पहिलीच वेळ. तीन वर्षांत पहिला परका माणूस ऐकत होता, आणि तोही काचेआडून.

बाई म्हणाल्या की मन कितीही द्रवलं तरी आवारात लोकांना सोडता येत नाही. तेवढ्यात बाहेर गाड्यांची रांग लागली. अकरा वाजले होते, गल्लीत मुलं जमली होती, खुर्च्या नव्हत्या. व्हर्नेलने फोन केल्यावर मिस झेनोबियांनी अख्खा कार्यक्रमच इकडे हाकला होता. टोप्या, मफलर, वीसेक मुलं, त्यांचे आईबाप, मॅकरोनी-चीजची झाकलेली भांडी. चाकाच्या खुर्चीत कांबळं गुंडाळलेले मिस्टर क्लिओथा विन. ते आमच्या समोरच्या घरात राहतात. वय ब्याण्णव.

मिस झेनोबिया खिडकीशी आल्या. त्यांनी पाच मिनिटं काय बोलणं केलं ते मला ऐकू आलं नाही, पण कारकून बाई उभ्या राहून बोलत होत्या, वर्गात राहतात तशा. शेवटी असं निघालं की खुर्ची परत मागायचा फॉर्म नसला, तरी शाळेच्या शैक्षणिक भेटीचा फॉर्म आहे. तो १९९६पासून कुणी भरला नव्हता. मिस झेनोबियांनी तो सुंदर अक्षरात भरला.

आवारात शहरभरच्या खुर्च्यांचा डोंगर होता. त्यात इस्त्रीच्या फळ्या, बादल्या, एक पाळणा आणि कुठल्यातरी सांताक्लॉजचा वरचा अर्धा भाग. आमच्या खुर्च्या एका कडेला होत्या, कारण कार्डांमुळे कामगारांना त्या कुणाच्या तरी वाटल्या होत्या. मुलांनी त्या ओढून काढल्या आणि जिथे जागा मिळाली तिथे मांडल्या. सालांचा क्रम पार मोडला. कुणाचं काही बिघडलं नाही. पोर्टरचं कार्ड वाचल्यावर कुणीतरी म्हणालं, माझा आजोबा, आणि मग तो आजोबा कार्डापेक्षा मोठा निघाला. ट्रंपेटवादकही दोनदा झोपून गेला. मी आडवं आलो नाही. माझं लक्ष एका पांढऱ्या लाकडी खुर्चीकडे होतं. फोटो प्लास्टिकच्या पाकिटात, पाकिटाच्या एका कोपऱ्यात पाणी, चेहऱ्यापासून दोन बोटांवर थांबलेलं.

मी तिथवर पोचायच्या आत एक मुलगी त्या खुर्चीवर बसून वाचू लागली. "अझेल टब्स. याझू सिटीहून आले. तिसऱ्या मजल्यावर राहत. पुढे काय झालं ते माहीत नाही."

"मला माहीत आहे," मिस्टर विन म्हणाले.

ते हळू बोलतात, माझ्यासारखेच. सगळे गप्प झाले.

त्यांनी फोटो मागून घेतला आणि मांडीवर धरला. त्यांनी सांगितलं ते असं. ते आणि अझेल एकाच खोलीत राहत, एक रात्रपाळीला, एक दिवसपाळीला, एकच गादी. अझेलला लिहिता-वाचता येत नव्हतं. घरून आलेली पत्रं मिस्टर विन वाचून दाखवत आणि उत्तरंही तेच लिहीत, आणि ही गोष्ट कुणाला सांगणार नाही अशी त्याने त्यांच्याकडून शपथ घेतली होती. कोटाचं पत्र आलं त्या रात्री अझेल तीन वेळा वाचायला लावून हसला. बाजारात जाऊन त्याने निळा कोट पाहूनही ठेवला. दुकानदाराने उंची विचारली. अझेलने हात कमरेशी धरला, मग म्हणाला, नाही, दोन वर्षं झाली, वाढली असेल.

"उंची विचारायला पत्र लिहायचं होतं," मिस्टर विन म्हणाले. "मी म्हटलं, आज दमलोय, सोमवारी लिहू. शनिवारी मला सैन्याचं बोलावणं आलं. कोरियाहून परत आलो तर तो शेजारच्या गॅरी शहरात पोलादाच्या कारखान्यात निघून गेला होता. दुसऱ्या कुणाकडून तो लिहून घेणार नव्हता. लाजायचा तो." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ही चौकशी कधीपासूनची, पोरा?"

मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. मी म्हणालो, तीन वर्षांची.

"मी समोर राहतो."

पत्त्यांची अकरा पुस्तकं मी चाळली होती, रस्ता ओलांडून हा एक प्रश्न मात्र विचारला नव्हता. रस्त्यात बर्फ होता असंही म्हणता येत नव्हतं, कारण मधे तीन उन्हाळे गेले होते.

मी पुटपुटलो की आता सगळं नीट लिहून काढतो, गॅरीकडच्या नोंदी तपासतो आणि सोमवारी…

"सोमवारी नाही," मिस्टर विन म्हणाले.

तेव्हा तिथेच, त्या पांढऱ्या खुर्चीवर बसून, कारकून बाईंनी दिलेल्या कागदावर मी पत्र लिहिलं. मिस्टर विन सांगत गेले, मी लिहीत गेलो. त्यांचा हात आता थरथरतो. दिलगिरीला एक ओळ पुरली. 'तो रागावला नव्हता. तुमची उंची विचारायची राहून गेली' हे त्यांनी मला दोनदा लिहायला लावलं, एकदा सुरुवातीला आणि एकदा शेवटी. मला पुनरुक्ती आवडत नाही. मी लिहिली. मिस झेनोबियांनी पत्र तपासलं आणि एकही चूक काढली नाही. मुलांपैकी बरीच जण रडत होती आणि न रडण्याच्या अटीचं कुणीच नाव काढलं नाही.

खुर्च्या परत मिळाल्या. शैक्षणिक भेटीच्या फॉर्मवर 'सोबत आणलेलं साहित्य' असा एक रकाना होता, त्यात बाईंनी चोवीस खुर्च्या लिहिल्या आणि साहित्य जाताना परत न्यावं असा शिक्का मारला.

शनिवारी आमच्या कोपऱ्यावरच्या पेटीपाशी टपाल गाडी तीनला येते. पावणेतीनला आम्ही पोचलो. पेटीसमोर बर्फाचा कमरेइतका ढीग. डीकन सल्ला देत उभे राहिले आणि मिस झेनोबियांनी त्यांच्या हातात फावडं दिलं. व्हर्नेलने पाकिटात मूळ फोटो घातला, त्याच्या मागे शिक्का नाही ना हे स्वतः पाहिलं आणि पाकीट चिकटवलं. मला वाटलं, 'हावरटपणा' या शब्दाबद्दल अजून एक वाक्य हवं होतं. तसं मी म्हणालोही. तिने पाकीट माझ्या हातात ठेवलं आणि नुसतं "ल्यूशस" एवढंच म्हणाली.

मी झाकण उघडून पत्र आत टाकलं. मग झाकण पुन्हा उघडून आत पाहिलं. ते गेलं होतं.

टपालवाला आला, त्याने पेटी रिकामी केली आणि गाडी पुढे गेली. मिस्टर विन ती दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिले. मग म्हणाले, चला, आता जेवू.